बाबांच्या पंपाची बॅटरी

बोटीला बॅटरी कोणती लावायची हे ठरवायला आम्हाला अकरा दिवस लागले. आम्ही म्हणजे मी आणि माझा धाकटा भाऊ. माय फारसं बोलली नाही, पण प्रत्येक वेळी सुपात तांदूळ घेऊन तिथेच बसून होती. बोट पाण्यात मध्येच थांबली तर भाऊ तिच्यामागे पाण्यात उतरेल, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. तसं कोणी म्हटलं नाही. आम्ही व्होल्ट, वजन आणि मिनिटं एवढंच बोलत राहिलो.

आता त्याला वर्ष झालं. मी हे सावकाश लिहिते आहे. एका बैठकीत पानभर झालं तरी वही मिटून ठेवते.

आमचं जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या बुडितात गेलं. नवं गाव तिथून पाऊण तासाच्या चालीवर, उंचावर आहे. तिथले रस्ते फूटपट्टीने आखल्यासारखे आहेत आणि घरांना नंबर आहेत. मी तालुक्याच्या कॉलेजात ग्रंथालय सांभाळते. पुस्तकांना नंबर देणं हे माझं रोजचं काम, तरी आपल्या घराला नंबर असतो याची सवय व्हायला मला काही वर्षं लागली. बाबांना ती झालीच नाही. ते ‘घरी’ म्हणायचे तेव्हा त्यांचा हात पाण्याकडे व्हायचा.

आमच्याकडे अक्षय तृतीया हा पितरांचा दिवस. मातीचा लाल करा पाण्याने भरतात, शेवया आणि चिंचवणी करतात, आणि पळसाच्या पत्रावळीवर घास वाढून घराच्या दाराशी ठेवतात. गेलेल्या माणसाने आपल्या घरी येऊन जेवावं म्हणून. बाबा हा घास दरवर्षी जुन्या घरी नेत. पहिली काही वर्षं उन्हाळ्यात पाणी इतकं उतरायचं की घराची जागा उघडी पडायची, आणि बाबा चिखल वाळलेल्या अंगणात पत्रावळ ठेवून उकिडवे बसायचे. पुढे पाणी जास्त राहू लागलं. मग बाबा पाण्याखालच्या रस्त्याने जायला लागले. गावात शिरणारा रस्ता भरावाचा होता, त्यामुळे तो पाण्याखालीही उंच आहे. आधी घोटाभर, मग गुडघाभर, मग मांडीभर. घराच्या जागेची खूण म्हणजे आमच्या मागच्या चिंचेचा वाळलेला शेंडा. तेवढाच पाण्याबाहेर होता, आणि त्यावर पाणकावळे पंख पसरून बसलेले असायचे.

“कावळे नाई तं नाई,” बाबा म्हणायचे, “हे तं हायेत. जातभाईच हायेत.”

मी काठावर उभी राहून बघत असे. बाबा सरळ जात आणि सरळ येत, एक पाऊल इकडे नाही की तिकडे नाही. मला तो त्यांचा स्वभाव वाटायचा.

शेवटच्या वर्षी त्यांना दम लागत होता. त्यांनी काठावरूनच पत्रावळ पाण्यात सोडली. वाऱ्याने ती परत आली आणि त्यांच्या पायाला लागली. त्यांनी पुन्हा सोडली, ती पुन्हा आली.

“घर सापडून नाई राहिलं तिले,” बाबा म्हणाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “माझा घास तरी घरी नेऊन द्या, बाप्पा.”

दिवाळीत ते आजारी पडले आणि थंडीत गेले.

भाऊ आठ-नऊ वर्षं पुण्याकडे मोटरींच्या वाइंडिंगच्या कामावर होता. गाव उठलं त्या उन्हाळ्यात त्याला सुट्टी मिळाली नाही. दिवाळीला आला तेव्हा पाणी आलेलं होतं. त्यामुळे गाव उसवताना त्याने पाहिलं नाही. कौलं उतरताना, चौकटी निघताना, जमीन खणली जाताना, बैलगाडीतून देव नेताना, हे सगळं आम्ही पाहिलं. त्याच्या डोळ्यांपुढे गाव पहिल्यासारखं अखंड राहिलं. पुढे तो कायमचा परत आला, तालुक्यात बाजाराच्या रस्त्याला त्याने वाइंडिंगचं दुकान टाकलं, पण गावाबद्दल बोलताना तो अजून ‘आपल्या मारोतीजवळून वळलं का’ असंच बोलायचा, जणू संध्याकाळी तिकडून चक्कर मारून आला आहे.

बाबांची तेरवी झाल्यावर तो म्हणाला, “घास मी नेईन. बाबा जायचे तसा.”

मायने त्याचा हात ओढून आपल्या डोक्यावर ठेवला. “माझ्या गळ्याची आन हाय तुले. पाण्यात पाय टाकायचा नाई.”

“काहून? बाबा नव्हते जात?”

“काहून म्हून इचारू नको.”

माय अशीच होती. आमच्याकडच्या जुन्या बायका अभद्र गोष्ट तोंडातून काढत नाहीत. नाव घेतलं की ती ऐकते आणि येते, असं त्यांचं म्हणणं. माय सापाला लांबडं म्हणायची. दिवा विझला असं कधी म्हणत नसे, दिवा मोठा झाला म्हणायची. बाबांच्या आजाराचं नाव तिने शेवटपर्यंत घेतलं नाही. डॉक्टरांनी नाव सांगितलं त्या दिवशी तिने पदराने तोंड पुसलं, जसं ते नाव तिच्याच ओठाला लागलं होतं. तेव्हा या शपथेमागेही ताज्या मरणाची भीती असेल, असं मी धरून चालले.

भावाने मग मासे धरणाऱ्या एका काकांना विचारलं. लाकडाचा लांबट डोंगा घेऊन ते रोज बुडितात जातात. ते नाही म्हणाले. “तुमच्या टोलीवर, त्या जुन्या वस्तीवर, नाई नेत मी डोंगा. खाली बाभळीची खुटं हायेत. दोन जाळे गेले माझे तिथं. डोंग्याचं पोट फाटलं तं तुमचे पितर जेवतीन, आन् माझे लेकरं उपाशी.”

त्या संध्याकाळी भाऊ मासळीच्या रिकाम्या थर्माकोलच्या दोन पेट्या घेऊन घरी आला.

“बाई,” तो म्हणाला. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. “मायनं मले पाण्यात पाय टाकाले मनाई केली. बोटीले नाई केली.”

बोट त्याने तीन आठवड्यांत केली. थर्माकोल कापून, वर पातळ प्लायवुड चिकटवून, त्यावर निळा ऑइलपेंट. स्टीलच्या डब्याच्या झाकणातून कापलेले दोन पंखे आणि मागवलेल्या बारा व्होल्टच्या दोन मोटरी. पुण्यात त्याच्या खोलीवर कोणीतरी टाकून गेलेल्या खेळण्यातल्या विमानाचा रिमोट. बोटीच्या मागच्या अंगाला एक फळी होती. रिमोटचं एक बटण दाबलं की ती कलायची, म्हणजे पत्रावळ घराच्या जागी पाण्यावर सरकेल. सगळं कोरडं झालं तरी बोटीला मासळीचा वास होता. मायने नाक मुरडलं. “बापाच्या घासाले हे वाहन,” ती म्हणाली. पण पत्रावळीचं माप तिनेच घेऊन दिलं.

राहिली बॅटरी.

भावाला लिथियमचा तयार पॅक मागवायचा होता. तो मोबाईलवर मला चित्रं दाखवायचा. “बघ बाई. वजन पाव किलो, आन् ताकद बैलाची.” मी त्याबद्दल वाचलं. माझी ती सवय आहे. कोणी एखाद्या गोष्टीचं नाव काढलं की मी आधी पुस्तक काढते. वाचलं ते मला आवडलं नाही. तो पॅक फुगतो, त्याला टोचलं किंवा तो चुकीचा चार्ज झाला तर पेट घेतो, आणि पेटलेला सहज विझत नाही. पाण्यावर तरंगणारी पत्रावळ आणि तिच्याखाली आग, असं चित्र माझ्या डोळ्यांपुढे आलं आणि जाईना.

दुसरा मार्ग म्हणजे आमच्या कॉलेजातून भंगारात निघालेल्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या फोडून त्यातले गोल सेल जोडायचे. हे भावानेच मोडून काढलं. “सहा जुने सेल म्हणजे सहा बैल, सहा चालीचे. एक बसला का सगळे बसले.”

तिसरी मी सुचवली. बाबांच्या फवारणीच्या पंपाची.

तो पंप पडवीत खुंटीला टांगलेला होता. धानावर औषध मारायचा, पाठीवर घ्यायचा, चार्जिंगचा पंप. त्याच्या पट्ट्यांवर बाबांच्या घामाचे पांढरे डाग होते. खालच्या कप्प्यात बारा व्होल्ट, आठ अ‍ॅम्पिअर-तासाची शिशाची बॅटरी होती, विटेएवढी. मी ती काढून पुसली. जड, काळी, कोपऱ्यावर बाबांनी खिळ्याने ओरखडून काढलेली फुली, म्हणजे दुसऱ्याच्या बॅटरीशी अदलाबदल नको. मला ती ओळखीची वाटली. आग लागणार नाही, फुगणार नाही, आणि आपल्या माणसाची आहे.

भावाने ती तागडीत टाकली. “अडीच किलो, बाई.”

“बोट झेलेल का?”

“झेलन. पण बुडखा बसन तिचा.”

मायने सुपातून मान वर केली. “जन्मभर त्यायनं ती पाठीवर वागवली. आता मेल्यावर बी तिच्याच भरोशावर जेवतीन.”

भाऊ हसला. मीही हसले. तेवढंच त्या अकरा दिवसांतलं हसणं मला आठवतं.

मी हिशेब केला. आयटीआयच्या मुलांसाठी असलेलं विजेचं एक पुस्तक ग्रंथालयातून आणलं होतं. दोन्ही मोटरी मिळून पाच अ‍ॅम्पिअर घेत होत्या. आठाला पाचाने भागलं तर दीड तासाच्या वर. जुनी बॅटरी म्हणून मी निम्मे धरले, पाऊण तास. काठापासून चिंचेच्या शेंड्यापर्यंत जाऊन यायला पंधरा मिनिटं. म्हणजे तिप्पट सोय. रात्रभर चार्ज करून मीटर लावलं तर बारा पॉइंट सात. मी तो आकडा वहीत लिहिला आणि त्याखाली रेघ ओढली. बॅटरी दिवाळीपासून चैत्रापर्यंत चार्ज न करता खुंटीला टांगलेली होती, हे मला माहीत होतं. शिशाची बॅटरी अशी उपाशी राहिली की तिच्या आतल्या पत्र्यांवर पांढरी खरड बसते, मग ती आकडा पूर्ण दाखवते पण काम अर्धंही करत नाही. हा परिच्छेद त्याच पुस्तकात, मी वाचलेल्या पानाच्या पुढच्या पानावर होता. तो मी नंतर वाचला.

तृतीयेच्या पाच दिवस आधी आम्ही गावाबाहेरच्या बोडीवर बोट सोडून पाहिली. बोडी म्हणजे लहान तळं. उन्हाने ती आटून एका कोपऱ्यात आली होती. बोट पाण्यावर बसली तेव्हा निळा रंग जेमतेम चार बोटं वर राहिला. पण चालली. भावाने तिला गोल फिरवली, वळवली, काठाला आणली. म्हशी धुवायला आलेली एक बाई कमरेवर हात ठेवून बघत होती. “काय हो, याच्यात बसून जाता का सासरी?” ती मला म्हणाली.

तेराव्या मिनिटाला बोट मंद झाली. पंख्यांचा आवाज खाली आला, रिमोटला ती उशिरा ऐकू लागली. भावाने कशीबशी काठाला आणली. मीटर दहाच्या जवळ दाखवत होतं. आम्ही पळसाच्या सावलीत बसलो. पंधरा-वीस मिनिटांनी मी पुन्हा मीटर लावलं तर बारा पॉइंट पाच. बोट पुन्हा पाण्यात सोडली आणि ती पुन्हा पहिल्यासारखी चालली.

“बघ,” मी म्हणाले. “पुस्तकात आहे हे. शिशाच्या बॅटरीला विश्रांती मिळाली की तिच्यात जीव परत येतो.”

भाऊ गवताची काडी चावत होता. “बाई, दमलेला माणूस बी बसला का बरा दिसते. चढावर लावलं का समजते.” मग काडी टाकून म्हणाला, “अजून बी तो पॅक मागवतो. चार दिवसांत येईन.”

तेव्हा मी हो म्हणू शकत होते. मला ती सावली आठवते, मांडीवरचं मीटर आठवतं, त्याच्या दोन तारा, एक लाल आणि एक काळी. मी म्हणाले, “रात्रभर चार्ज कर. पुरेल ती. बाबांची आहे.”

बाबांची आहे, हे बॅटरीबद्दलचं कारण नव्हतं. त्यालाही ते कळलं असणार. थोरल्या बहिणीपुढे तो कधी दोनदा बोलला नाही.

तृतीयेच्या सकाळी मायने अंघोळ करून स्वयंपाक केला. पत्रावळीवर शेवया, चिंचवणीचा द्रोण, वडे, भात, वरून तुळशीचं पान. घास बोटीवर ठेवताना तिने भावाचा हात धरला आणि पुन्हा आपल्या डोक्याला लावला. ती घरी थांबली. दाराशी करा भरून ठेवायचा होता.

आम्ही काठावर पोहोचलो तेव्हा नऊ वाजले असतील. पाणी जुन्या आरशासारखं होतं. रस्ता उतारावरून पाण्यात शिरत होता, डांबराचे काळे तुकडे काही पावलांपर्यंत दिसत होते, मग नाही. लांबवर चिंचेचा शेंडा, त्यावर तीन पाणकावळे. भावाने बोट सोडली. ती रस्त्याच्या रेषेत सरळ गेली, बाबा जायचे तशी. मला आठवतं, मी हातातल्या घड्याळाकडे बघत होते आणि मनात मिनिटं मोजत होते. सहाव्या मिनिटाला वारा सुटला.

वारा समोरून, थोडा उजवीकडून होता. बोटीच्या नाकावर पाणी चढायला लागलं. ती जड होती, पाण्यात खोल बसली होती. भावाने रिमोटची दांडी पूर्ण पुढे दाबून धरली. नवव्या मिनिटाला पंख्यांचा आवाज खाली गेला. बोडीवर ऐकला होता तोच आवाज. मग तो बंद झाला. चिंच तिथून साठ-सत्तर पावलं राहिली असेल.

बोट तिथे उभी राहिली. मग हळूहळू आडवी झाली आणि वाऱ्याने डावीकडे सरकायला लागली.

“थांब,” मी म्हणाले. “पंधरा मिनिटं काही करू नको. परत येईल तिच्यात.”

तो थांबला. रिमोट माझ्या हातात देऊन उकिडवा बसला, बाबा बसायचे तसा. पण बोट थांबत नव्हती. ती डावीकडे सरकत होती, आणि डावीकडे, बरीच पुढे, नदीचं मूळ पात्र आहे. तिथे पोहोचली की ती धरणाच्या भिंतीकडेच जाणार.

“रस्त्यातच अडकले ना बाबा,” भाऊ म्हणाला.

“थांब जरा.”

“ना इकडचे, ना तिकडचे.”

“तू मायला शब्द दिलास.”

“तिले नाई सांगायचं,” तो म्हणाला, आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडायला लागला. “बाबा जातच होते ना इथून. पाणी नाई हे बाई, रस्ता हाय आपला.”

मी त्याचा हात धरला नाही. हे मी लिहून ठेवते. माझ्या दोन्ही हातांत रिमोट होता. तो खाली ठेवता आला असता.

तो रस्त्याने गेला. घोटे, गुडघे, मांड्या. मागे वळून त्याने हात केला, सगळं ठीक आहे असा. बोट तोवर रस्त्यापासून पंचवीस-तीस पावलं डावीकडे गेली होती. तिच्या समोर येऊन तो थांबला. पाण्यावरून आवाज लांबवर येतो. तो मला स्पष्ट ऐकू आला.

“बाई, इकडं तं बरड हाय. रस्त्याहून उंच. घोटाभर बी नसन पाणी.”

बरड म्हणजे मुरमाची उंच, नापीक जागा. तिथे धान होत नसे. लहानपणी आम्ही तिथे पतंग उडवायचो. रस्त्यापेक्षा ती खरंच उंच होती. त्याच्या आठवणीत ती अजून तशीच होती.

गाव उठलं त्या उन्हाळ्यात ती बरड आम्हीच खणली. नव्या गावात प्रत्येकाला घराच्या जोत्यात भरायला मुरूम हवा होता, आणि ती जमीन तर पाण्याखालीच जाणार होती. सगळं गाव ट्रॅक्टर लावून तिथला मुरूम नेत होतं. दोन पुरुष खोल खड्डा झाला होता, उभ्या काठाचा. आमच्या जोत्यातला मुरूम मी स्वतः पाणी शिंपून पायांनी दाबला होता. भाऊ तेव्हा पुण्याला होता. बाबा एक पाऊलही रस्ता सोडत नव्हते ते का, हे मला त्या क्षणी कळलं.

मी ओरडले. ग्रंथालयात बावीस वर्षं हळू बोलून माझा आवाज हळूच राहिला आहे. वाराही समोरून होता. मी खड्डा म्हणाले. त्याला वाटलं असेल, मी मायच्या शपथेचं बोलते आहे. त्याने कानामागे हात धरला आणि माझ्याकडे वळला, आणि वळता वळता रस्ता सोडला.

मग तो नव्हता. एकदा हात दिसला. त्याला पोहता येत होतं. पण खड्ड्यात काठावरच्या बाभळी ढासळून बुडाल्या होत्या, आणि काकांची फाटलेली जाळी त्यांतच होती.

काठावरून कोणीतरी पळत गेलं, कोणी फोन केला. काका डोंगा घेऊन आले. जिथे डोंगा नेणार नाही म्हणाले होते तिथेच घेऊन गेले. मी जागेवर उभी होते. रिमोट हातातच होता आणि माझा अंगठा दांडीवर होता. मी ती केव्हा दाबली हे मला माहीत नव्हतं. किती वेळ झाला असेल, पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. पंख्यांचा आवाज आला.

बोट आपोआप जागी झाल्यासारखी वळली आणि माझ्या दिशेने यायला लागली. आता वारा तिच्या मागे होता. ती डोंग्याच्या बाजूने, माणसांच्या ओरडण्यातून सरळ आली आणि माझ्या पायांपाशी डांबरावर लागली. पत्रावळ जशीच्या तशी होती. शेवया थोड्या भिजल्या होत्या.

त्याला बाहेर काढायला दुपार झाली.

मी मायला सगळं सांगितलं. बॅटरीचं सांगितलं, पॅक मागवू दिला नाही हे सांगितलं, हात धरला नाही हे सांगितलं. खड्ड्याचं सांगितलं, की मला तो वेळेवर आठवला नाही. ती ऐकत राहिली. वर्षभर ती त्यावर एक शब्द बोलली नाही. माझ्यासाठी भाकरी टाकायची, पाणी तापवायची, कॉलेजची बस गाठायला मला हाका मारायची. मला वाटायचं, एखाद्या दिवशी ती बोलेल. मी त्या दिवसाची वाट बघत होते, आणि त्याला भीतही होते.

बॅटरी मी पंपात परत ठेवली नाही. ती माझ्या खोलीत पुस्तकांच्या फळीवर आहे. महिन्यातून एकदा मी ती चार्जिंगला लावते, उपाशी राहू नये म्हणून. तिचा कशालाच उपयोग नाही.

या वर्षी तृतीयेला मायने दोन घास वाढले. दोन पत्रावळ्या घेऊन ती दारात उभी राहिली.

“कुठं ठेवू?” ती म्हणाली.

बाबांचं घर पाण्यात. भावाचं घर कोणतं म्हणायचं, ते मला ठरवता येईना. मायच मग खाली वाकली आणि तिने दोन्ही पत्रावळ्या आमच्या घराच्या जोत्यावर, पायरीच्या बाजूला ठेवल्या. वाकलेलीच राहिली. जोत्याच्या कडेचा गिलावा निघून आतला लाल मुरूम दिसत होता, त्यावर तिने हात ठेवला.

“तिथलाच हाय हा,” ती म्हणाली.

“हो.”

“तुले नव्हता आठवला तो खड्डा.”

“नाही आठवला, माय.”

“मले आठवला होता.” ती माझ्याकडे बघत नव्हती. “तेरवीच्या दिवशीच आठवला. म्हून तं आन घातली. पोरगा इचारे, काहून, काहून. असं अभद्र कसं काढू तोंडातून? पोराच्या नावासंगं खड्ड्याचं नाव कसं घेऊ?”

मी तिच्याजवळ पायरीवर बसले. कावळा यायला वेळ लागला. एक आला, दोन्ही पत्रावळ्यांवरून उडून कुंपणावर बसला, मग परत आला. त्याने आधी कोणत्या पत्रावळीला चोच लावली ते मी पाहिलं नाही. माय बघत होती.

परवा संध्याकाळी मी मागच्या अंगणात कपडे काढायला निघाले तेव्हा तिने आतून हाक मारली. “तिकडं नको जाऊ बाई. तुरीच्या पेंढीखाली साप हाय.”

साप म्हणाली. मी दारातच थांबले.